नाक मुरडलेल्या मासळीत हलाल रोजी आहे!

बाजाराचा एक जुना दस्तूर आहे. ज्या मालाला नाव असते त्याला भाव मिळतो, आणि ज्याला नाव नसते तो चांगला असूनही कोपऱ्यात पडून राहतो. कापडाच्या पेठेत आम्ही हे रोज पाहतो. थानाला बारीकसा डाग असला की तो 'सेकंड'मध्ये जातो. धागा मात्र तोच असतो आणि वीणही तीच. कोकणच्या मासळी बाजारात नेमके हेच घडते, आणि त्याचा तोटा आमच्या किनाऱ्यावरच्या बांधवांना सोसावा लागतो.

रत्नागिरीचा मिरकरवाडा घ्या, हर्णै घ्या, नाहीतर १८७५ साली बांधलेला मुंबईचा ससून डॉक घ्या. सर्वांची नजर पापलेट, सुरमई, हलवा आणि कोळंबीवर असते. पण समुद्राच्या तळाशी फिरणारे ट्रॉलरचे जाळे गिऱ्हाइकाची पसंती विचारत नाही. त्याच ओढीत राणी मासा, ढोमा, वाकटी, लेपी, माकूल अशी कितीतरी मासळी वर येते. डिझेल आणि खलाशांच्या श्रमाचा खर्च सर्वांवर सारखाच झालेला असतो. बर्फ मात्र नाव असलेल्या मालालाच आधी मिळतो. बाकीचा माल नरम पडतो आणि शेवटी भुकटी होऊन कोंबड्यांच्या व कोळंबीच्या खाद्यात जातो. माणसाचे अन्न जनावराच्या खाद्याच्या भावाने विकले गेले, की ती तूट तांडेल आणि खलाशांच्या वाट्यातून जाते.

पसंती ही सवयीची बाब

आपल्याकडे तारलीला कोणी विचारत नाही. तीच मासळी केरळात 'मत्ती' या नावाने घरोघरी आवडीने खाल्ली जाते. कुपा पाहून मुंबईचे गिऱ्हाईक पुढे सरकते, तर लक्षद्वीपचे मुस्लिम बांधव तोच मासा उकडून, धुरी देऊन, उन्हात सुकवून त्याचा टिकाऊ माल बनवतात आणि विकतात. माकूल आज युरोपात निर्यात होते आणि मुंबईच्या हॉटेलांत चढ्या दराने मिळते. वाकटी गोठवून चीनला जाते. राणी माशाचा गर धुऊन, साखर मिसळून गोठवला की 'सुरिमी' हा जपानी पद्धतीचा माल तयार होतो. याचा अर्थ, मासा तोच राहिला आणि गिऱ्हाईक बदलले. बदललेल्या गिऱ्हाइकाचा नफा मात्र बहुतेक कारखानदार आणि निर्यातदार यांच्याकडे गेला, बंदरावरच्या माणसाकडे नाही.

शरीअतची बाजू

समुद्राची शिकार कुरआनने (सूरह माइदा) हलाल ठरवली आहे. हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्या नेतृत्वाखालील तीनशे सहाबांच्या तुकडीवर झाडाची पाने खाण्याची वेळ आली होती. तेव्हा समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या एका प्रचंड माशावर त्यांनी कित्येक दिवस काढले. मदिनेला परतल्यावर प्रेषित (स.) यांनीही त्यातील मांस मागवून खाल्ले, हे हदीसच्या ग्रंथांत नमूद आहे. अल्लाहने दिलेल्या रोजीला हलके समजू नये, हा यातला धडा आहे.

व्यापाऱ्याने मात्र मसलकीचा फरक ध्यानात ठेवावा. कोकणातील मुसलमान बहुतांशी शाफई आहेत. हनफी मसलकात मासाच हलाल, त्यामुळे माकूल आणि खेकडा हनफी गिऱ्हाईक घेणार नाही. राणी, ढोमा, तारली, वाकटी यांबद्दल असा प्रश्नच नाही. सुरिमीच्या तयार पदार्थांत कधी कधी तांदळाची दारू किंवा खेकड्याचा अर्क असतो. पाकिटावरील मजकूर वाचल्याशिवाय माल दुकानात ठेवू नये.

काय खाऊ नये, काय विकू नये

न खपणारे सर्वच खाण्याजोगे असते असे नाही. केंड मासा विषारी आहे, त्याला हातही लावू नये. तारली, बांगडा आणि कुपा बर्फाविना राहिले तर त्यांत अपायकारक द्रव्य तयार होते, आणि ते शिजवल्याने जात नाही. मुशी आणि पाकट यांना पिल्ले कमी होतात, त्यांची वाढही सावकाश होते. त्यांच्या काही जातींना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. म्हणून त्यांचा खप वाढवण्याची शिफारस आम्ही करणार नाही. बोटभर पिल्लांचेही तेच. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा घोषित करण्यात आले, कारण पिल्लेच उपसली गेल्याने तो घटत चालला होता. न वाढलेली मासळी विकणे म्हणजे भांडवल मोडून खाणे होय.

तरुणांनी काय करावे?

आमच्या मते पहिली गरज बर्फाची आहे. होडीवरच माल वेगळा करून थंड ठेवला, तर निम्मी लढाई जिंकली. दुसरी गरज साफ करून देण्याची. शहरातील गृहिणीला वाकटीचे काटे नकोत, पण तुकडे करून दिलेली वाकटी ती घेऊन पाहील. तिसरी गरज चवीची. तिरफळ घातलेले तारलीचे तिखले, रवा लावून तळलेला राणी मासा, कोकमाच्या आमटीतला ढोमा एकदा पानात पडला की गिऱ्हाईक आपोआप परत येते. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात नीट सुकवलेल्या मालालाही मागणी असते.

भांडवलासाठी व्याजाच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. होडीवर वाट्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तीच मुदारबतच्या रूपाने किनाऱ्यावर आणता येईल. एकाने पैसा घालावा, दुसऱ्याने मेहनत करावी, नफा ठरल्याप्रमाणे वाटून घ्यावा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिलांना ६० टक्के अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली होती. सध्या कोणती योजना चालू आहे, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारावे आणि कागदपत्रे तयार ठेवावीत.

आखाताची वाट पाहणाऱ्या कोकणातल्या तरुणांना आम्ही एवढेच सांगू की, तुमच्या दारातल्या बंदरावर रोज माल उतरतो. त्याला नाव देणारा माणूस हवा आहे. ते काम तुम्ही हाती घ्या. मेहनत आणि इमानदारी असेल तर इन्शाअल्लाह बरकत होईल.