आंबवणाचं विज्ञान : उकाड्यातला फसफसाट

रायगडात माडी काढणारा भंडारी मडक्याचं तोंड घट्ट बंद करत नाही. नारळाच्या एक लिटर नीरेत सव्वाशे ग्रॅमच्या आसपास साखर असते. ती सगळी आंबली, तर वजनाने जवळजवळ निम्मी कार्बन डायऑक्साइड होऊन निघते, म्हणजे तीसएक लिटर वायू! ताजी माडी बाटलीत भरून बूच मारणं म्हणून धोक्याचं, बाटली फुटणारच.

बिअर बनवणारा हाच वायू कोंडतो, पण मोजून. आंबणं पूर्ण थांबल्यावर लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालून तो केग (बिअरचं पिंप) बंद करतो. उरलेलं यीस्ट त्यातून तीन ग्रॅम वायू करतं, दीडेक ग्रॅम आधीच मुरलेला असतो. बिअरच्या फेसाला एवढा पुरतो. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं १९४९च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. इथे फक्त त्यामागचं विज्ञान समजून घेऊ.)

पेण-रोह्याच्या उन्हाळ्यात असा केग फ्रीजबाहेर ठेवला, तर बिअर सपक होते का? नाही. झाकण गळत नसेल तर आतला वायू जाणार कुठे? बदलतो तो दाब. वातावरणाइतक्या दाबाला पाण्यात २० अंशांना लिटरमागे १.७ ग्रॅम वायू मुरतो, ३० अंशांना सव्वाच. उरलेला वायू वर येऊन भांड्यावर रेटा देतो. ४ अंशांना चौरस इंचाला दहा-बारा पौंड दाब पुरतो, ३० अंशांना तेवढ्याच फेसासाठी चाळीसच्या आसपास लागतो. साखरेऐवजी सिलेंडरने वायू भरणारे नेमके इथे फसतात. थंड केगचा बारा पौंडांचा आकडा ते गरम केगला लावतात आणि निम्माच वायू मुरतो.

दाब सोसायला भांडं तसं हवं. शीतपेयांसाठी बनलेले स्टीलचे केग हा दाब आरामात पेलतात. गोटी सोड्याची जाड काच याच कामाची. हायरम कॉड यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या या बाटलीत आतला दाबच गोटीला रबराच्या कडीवर दाबून धरतो, म्हणून फ्रीज नसलेल्या टपरीवरही सोडा टिकतो. सोड्याचं मूळही बिअरमध्येच आहे. १७६७ मध्ये लीड्सच्या ब्रुअरीत आंबवणाच्या पिंपावर साचलेल्या वायूत जोसेफ प्रीस्टली यांनी पाणी धरलं आणि त्याला चव आली.

गरम केगचा नळ उघडला की मात्र ग्लासात नुसता फेस येतो. आदल्या दिवशीच केग थंडाव्यात ठेवावा, म्हणजे वर आलेला वायू पुन्हा बिअरमध्ये मुरतो. उकाड्याचं खरं नुकसान वेगळंच आहे. भरताना केगमध्ये राहिलेली हवा उष्णतेत भराभर काम करते आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. त्यासाठी केग बंद करताना वरची मोकळी जागा दोन-तीनदा कार्बन डायऑक्साइडने भरून सोडून द्यावी, मगच तो घरातल्या अंधाऱ्या, गार कोपऱ्यात ठेवावा.