पुरावा विधवेनं का द्यावा?

आगीत भिंत कोसळून अग्निशामक जवान गेला, तर त्याच्या घरच्यांना कुणी पुरावा मागत नाही. तोच जवान वीस-पंचवीस वर्षं धुरात काम करून पुढे मूत्राशयाच्या कॅन्सरनं गेला, तर मात्र कोणत्या आगीनं हा रोग दिला ते दाखवा, असं सांगितलं जातं. हे दाखवणं कुणालाच शक्य नाही. कॅन्सर वर येईपर्यंत जवानानं असंख्य आगी विझवलेल्या असतात. जळतं प्लास्टिक, सोफ्यातला फोम, जुन्या इमारतीतलं अ‍ॅस्बेस्टॉस यांतलं नेमकं काय भोवलं, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही, तिथे त्याच्या विधवेनं कुठून सांगावं? ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलातले ३४३ जण गेले. कोसळलेल्या जुळ्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यावर राबल्यामुळे जडलेल्या आजारांनी दगावलेल्या सहकाऱ्यांची संख्याही सप्टेंबर २०२३ मध्ये ३४३ वर पोहोचली. हे मरण कर्तव्यावरचं नव्हतं, असं कोण म्हणेल?

म्हणून पुराव्याचा भार कुटुंबाच्या डोक्यावरून काढलाच पाहिजे. कॅलिफोर्नियानं १९८२ मध्येच हा मार्ग धरला. ठरावीक अटी पूर्ण झाल्या की कॅन्सर कामामुळेच झाला असं कायदा गृहीत धरतो. तसं नसेल तर ते नोकरी देणाऱ्यानं सिद्ध करायचं. यावर नेहमीचा आक्षेप असा, की कॅन्सर कुणालाही होतो आणि तंबाखू ओढणारे या दलातही असतात. ते खरं आहे. पण सॅन फ्रान्सिस्को, शिकागो आणि फिलाडेल्फियातल्या सुमारे ३० हजार जवानांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅन्सरनं होणारे मृत्यू सर्वसाधारण लोकांपेक्षा १४ टक्क्यांनी जास्त आढळले, आणि मेसोथेलिओमा दुप्पट. हा छातीच्या आवरणाचा कॅन्सर तंबाखूनं नव्हे, मुख्यतः अ‍ॅस्बेस्टॉसनं होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०२२ मध्ये अग्निशमनाचं कामच कॅन्सरकारक ठरवलं. शिवाय सवलत सरसकट नसते: ऑस्ट्रेलियाच्या २०११च्या केंद्रीय कायद्यात रक्ताच्या कॅन्सरसाठी ५, तर मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी १५ वर्षांच्या सेवेची अट आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. सरकारनं भरपाई नाकारली म्हणून खर्च टळत नाही. तो उपचारांच्या कर्जातून, मुलांच्या अर्धवट शिक्षणातून ते घर फेडत राहतं. कॅनडात २०१८ पासून कर्तव्यामुळे मृत्यू झालेल्या जवानाच्या कुटुंबाला ३ लाख डॉलरचं करमुक्त अनुदान मिळतं आणि कामातून जडलेला आजारही त्यात धरला आहे. बाकीच्या सरकारांनीही आपल्या जवानांच्या घरांसाठी एवढं करावं.