मंगळाच्या दगडांनी धरून ठेवलेले पाणी

२०१६ साली मंगळावरच्या गेल विवरात ‘क्युरिऑसिटी’ रोव्हरने ‘औडम’ असे नाव दिलेल्या जागी खडकाला भोक पाडले आणि त्याची भुकटी पोटातल्या ‘केमिन’ या उपकरणात भरली. क्ष-किरणांखाली तीत जिप्सम दिसले. जिप्समच्या वजनाचा जवळजवळ २१ टक्के भाग पाण्याचा असतो. काही आठवड्यांनी तीच भुकटी पुन्हा तपासली, तेव्हा जिप्सम नाहीसे होऊन त्याच्या जागी बॅसानाइट आले होते. बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणून मिळते, तेच हे खनिज. खडकात युगानुयुगे टिकलेले पाणी रोव्हरच्या पोटातल्या कोरड्या उबेत निघून गेले होते.

मंगळाचे सरासरी तापमान उणे ६० अंश सेल्सियसच्या आसपास आहे आणि हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. तिथे उघड्यावर ओतलेले पाणी गोठेल, नाही तर उडून जाईल. मग खनिजातले पाणी का उडत नाही?

कारण ते सुटे नसते. जिप्सममध्ये पाण्याचे रेणू कॅल्शियमला बिलगून स्फटिकाच्या रचनेतच बसलेले असतात. रेणू बाहेर पडायचा तर हे बंध तुटावे लागतात आणि त्यासाठी उष्णता हवी. थंडीत तेवढी ऊर्जा फारच थोड्या रेणूंना मिळते, त्यामुळे उबेत आठवड्यांत होणारी क्रिया अतिशय रेंगाळते. पाण्याचा वैरी वाटणारी मंगळाची थंडीच इथे त्याची राखण करते.

हवाही वाटते तितकी एकमार्गी नाही. मंगळाच्या वातावरणातली सगळी वाफ खाली उतरवली, तर सरासरी थर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढा भरेल. पण रात्री पारा इतका उतरतो, की तेवढ्या वाफेनेही जमिनीलगतची हवा जवळजवळ संपृक्त होते. दिवसा सुकू पाहणाऱ्या क्षारांना रात्री थोडा ओलावा मिळू शकतो. शिवाय पृष्ठभागापासून काही सेंटीमीटर खाली दिवसरात्रीचा चढउतार बराच मंदावतो. उत्तर ध्रुवाजवळ तर ‘मार्स एक्स्प्रेस’ यानाला २००५ साली वाळूच्या टेकड्यांमध्येच जिप्सम आढळले. वाऱ्याने घासली, लोटली गेलेली ही वाळू, तरी तिच्यातले पाणी शाबूत आहे.

सगळीच खनिजे इतकी चिवट नसतात. मॅग्नेशियम सल्फेटचेच पाहा. एका रेणूमागे पाण्याचे सात रेणू बाळगणाऱ्या एप्सोमाइटचे निम्मे वजन पाण्याचे असते. मात्र कोरड्या, विरळ हवेत ते टिकत नाही. डेव्हिड व्हॅनिमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रयोगशाळेत मंगळासारखी स्थिती निर्माण केली, तेव्हा त्याची स्फटिकरचना ढासळली. एकच रेणू बाळगणारे किझेराइट मात्र मंगळाच्या कक्षेतूनही ओळखू येते. २०२२ मध्ये क्युरिऑसिटीला चार रेणूंचे स्टार्कीआइट सापडले आणि तेही यंत्राच्या उबेत विस्कटले. अकरा रेणूंचे मेरिडियानाइट २ अंश सेल्सियसलाच वितळू लागते. त्याचे नाव मंगळावरच्या मेरिडियानी पठारावरून २००७ साली ठेवले गेले, पण नैसर्गिक नमुना मिळाला तो कॅनडातल्या एका गोठलेल्या तळ्यावर.

चिकणमातीची खनिजे आणखी वेगळी. गेल विवरात मिळालेल्या स्मेक्टाइटचे नातलग महाराष्ट्राच्या काळ्या कापसाच्या जमिनीत भरपूर आहेत. उन्हाळ्यात ही जमीन भेगाळते, कारण तिच्या पापुद्र्यांमधले पाणी जाते आणि पापुद्रे जवळ येतात. पण पापुद्र्यांच्या आत ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या पक्क्या रोवलेल्या असतात आणि त्या उखडायला शेकडो अंश तापमान लागते. मंगळावर पापुद्र्यांमधले पाणी बरेचसे गेले आहे. आतल्या जोड्या मात्र टिकून आहेत. त्यामुळे कधीकाळी तिथे चिखल होता, हे आजही वाचता येते.

जॅरोसाइटची साक्ष याहून बोलकी आहे. लोह आणि पोटॅशियमचे हे सल्फेट आम्लयुक्त पाण्यात तयार होते. ‘ऑपॉर्च्युनिटी’ रोव्हरने २००४ साली मेरिडियानीत ते शोधले. पुढे पुरेसे पाणी मिळत राहिले, तर जॅरोसाइट मोडून त्याची लोहाची ऑक्साइडे होतात. म्हणजे त्याचे अस्तित्व पाण्याबद्दल सांगते आणि नंतरच्या दीर्घ दुष्काळाबद्दलही. क्युरिऑसिटीने मोजलेल्या एका खडकातल्या फेल्डस्पारच्या कणांचे वय सुमारे ४०० कोटी वर्षे भरले, तर त्याच खडकातल्या जॅरोसाइटचे सुमारे २१० कोटी. खडकाचा गाळ जमल्यावर कितीतरी काळाने तिथे पुन्हा पाणी झिरपले होते, आणि हे या खनिजाशिवाय कळलेच नसते.

दगडांत असे किती पाणी गेले असावे? २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे, की मंगळाच्या मूळ पाण्यापैकी ३० ते ९९ टक्के पाणी कवचातल्या खनिजांत अडकले. अंदाजाचा पल्ला मोठा आहे, पण त्याची खालची मर्यादाही लहान नाही. पृथ्वीवरही खनिजे पाणी शोषतात. मात्र इथले भूपट्ट खाली जातात, तापतात आणि ज्वालामुखींच्या वाफेतून ते पाणी परत वर येते. मंगळाला अशी फिरती भूपट्टांची यंत्रणा नाही, त्यामुळे दगडात शिरलेल्या पाण्याचा मोठा भाग तिथेच राहिला.