डिझायनर लातूरला, डेव्हलपर नांदेडला: टीम एका गावात नसली तरी काम कसं चालतं



ट्रेनिंगला येणारे बरेच जण एकच प्रश्न विचारतात. "सर, ऑनलाइन ऑर्डर घ्यायची वेबसाइट करायचीय, पण माणसं कुठून आणू? चांगली पोरं तर सगळी पुण्याला." पोरं जातात हे खरंय. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करतात, लातूरला बारावी गाजवतात आणि मग ट्रॅव्हल्सनं सरळ पुणे गाठतात. पण सगळीच जात नाहीत. कुणाला घरची शेती बघायची असते, कुणाचे आई-वडील थकलेले असतात, कुणाचं लग्न होऊन ती उदगीरला आलेली असते. हात चांगला असतो, आपल्या गावात मात्र त्याला काम नसतं. आपल्याला माणूस हवाय, त्यांना काम हवंय, आणि मधे फक्त शे-दीडशे किलोमीटरचा रस्ता आहे.

आपल्याच मराठवाड्यातलं उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातले दादासाहेब भगत. इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉयचं काम करता करता त्यांना डिझाइनची गोडी लागली, ते ते शिकले. लॉकडाऊनमध्ये गावी परतले आणि मोबाइलला रेंज बरी मिळायची तिथं, गुरांच्या गोठ्यात, त्यांनी डिझाइनचं काम सुरू केलं. पुढं 'शार्क टँक इंडिया'च्या तिसऱ्या सीझनमध्ये अमन गुप्तांनी त्यांच्या कंपनीत १० टक्के हिश्श्यासाठी १ कोटी रुपयांचा सौदा केला. डिझाइनचं काम पुण्या-मुंबईच्या बाहेरूनही होतं, हे यातून दिसतं.

आता पुढचा प्रश्न. टीम एका गोठ्यातसुद्धा बसलेली नाही, चौघं चार गावांत आहेत, तेव्हा काय करायचं? हेही जगात जुनं झालंय. 'बेसकॅम्प' हे काम सांभाळायचं सॉफ्टवेअर २००४ साली आलं, तेव्हा त्याचा मालक शिकागोत होता आणि प्रोग्रामर कोपनहेगनला. दोघांच्या घड्याळात सात तासांचा फरक! वर्डप्रेस डॉट कॉम चालवणारी 'ऑटोमॅटिक' कंपनी तर जगभर घरून काम करणाऱ्या लोकांवरच उभी आहे. आपल्याकडं घड्याळ तरी एकच आहे.

माझं दुकान नांदेडला. आमच्या साइटचं डिझाइन लातूरहून होतं, कोडिंग नांदेडमध्येच एक दादा घरून करतो, फोटो आणि मजकूर उदगीरच्या ताई बघतात. हे कसं चालतं ते सांगतो.

व्हॉइस नोट बंद

दुकानात आपली सगळी कामं तोंडी चालतात. "अरे, ते जरा वर घे." समोरच्याला 'ते' म्हणजे काय हे दिसत असतं. लातूरला बसलेल्या मुलीला दिसत नाही. म्हणून कामाचं जे काही ठरेल ते लिहायचं: काय करायचंय, कुणी, कधीपर्यंत, आणि का. यातलं 'का' बहुतेक जण गाळतात. "फोन नंबर वर घ्या" एवढंच लिहिलं तर ती नंबर वर घेईल आणि विसरेल. "आपले गिऱ्हाईक ऑर्डर टाकण्याआधी एकदा फोन करतातच, म्हणून नंबर वर" असं लिहिलं, तर पुढच्या पानावर ती स्वतःहून तसंच करेल.

व्हॉट्सॲपवरच्या चार-चार मिनिटांच्या व्हॉइस नोटा मी बंद केल्यात. पंधरा दिवसांनी त्यातलं एक वाक्य शोधायचं म्हणजे रडारड. गप्पांना व्हॉट्सॲप ठीक. कामाची यादी मात्र एका जागी ठेवा, मग ती ट्रेलोवर असो नाहीतर साध्या गूगल शीटमध्ये.

कोडसाठी 'गिट' वापरायला सांगा. लिनस टोरवाल्ड्सनं ते २००५ मध्ये लिनक्ससाठी बनवलं, कारण लिनक्सवर काम करणारे जगभर विखुरलेले. कुणी, कधी, काय बदललं हे त्यात राहतं, आणि बिघडलं तर मागच्या जागेवर परत येता येतं. तुम्हाला स्वतःला ते चालवता आलं नाही तरी चालेल. आपल्या वहीखात्यासारखंच समजा, फक्त कोडचं.

खरी भांडणं कुठं होतात

डिझायनरनं चित्र दिलं आणि डेव्हलपरनं पान बनवलं, या दोघांच्या मधे. आणि आपल्या मराठी साइटमध्ये तर हमखास.

एक तर फॉन्ट. आपल्याकडचे बहुतेक डिझायनर डीटीपी करून वर आलेले. लग्नपत्रिका, फ्लेक्स, पॅम्प्लेट यांचा मजकूर जुन्या श्रीलिपीत टाइप केलेला असतो. तो उचलून वेबसाइटवर चिकटवला की नुसती भेंडोळी दिसतात. डेव्हलपर म्हणतो फाइल खराब, डिझायनर म्हणते माझ्याकडं तर नीट दिसतंय! दोघंही खरंच बोलत असतात. त्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, आणि ब्राउझरला त्यातलं काही कळत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी लिहून टाका: मजकूर युनिकोडमध्येच हवा.

दुसरं, डिझाइन करताना सोयीसाठी इंग्रजी शब्द टाकलेले असतात. इंग्रजीत तीन अक्षरांत बसणारं बटण मराठीत 'खरेदी करा' होतं आणि बाहेर पडतं. ओळींतलं अंतर इंग्रजीच्या मापानं ठेवलं की वरचा रफार आणि खालचा उकार कापले जातात. यावर आमचा उपाय साधा आहे. उदगीरच्या ताई आधी खरा मजकूर देतात, मगच डिझाइन सुरू होतं. आणि डिझाइन फिग्मावर. एकच फाइल दोघं आपापल्या घरून एकाच वेळी उघडून बघतात, त्यामुळं 'फायनल', 'फायनल-२', 'एकदम फायनल' हा खेळ संपतो.

रोज अकरा ते साडेबारा सगळ्यांनी हजर असायचं, एवढा एकच वेळ बांधलेला. बाकी लाइट असेल तेव्हा, पोर झोपेल तेव्हा, ज्याचं त्यानं बघायचं.

जीव कसा लागतो

एका दुकानात आठ तास बसलं की चहाच्या निमित्तानं माया आपोआप होते. लांबच्या टीममध्ये ती मुद्दाम करावी लागते, आणि आपले मालक लोक नेमके इथंच कंजूषपणा करतात. अकराच्या कॉलची पहिली दहा मिनिटं आमच्याकडं कामाचं बोलायचं नाही. सोयाबीनचा भाव, कुणाच्या घरी काय, पाऊस. याला टाइमपास म्हणू नका. एकमेकांचं घर माहीत असलं की "आज उशीर होईल" या मेसेजचा राग येत नाही.

लिहिलेलं फार रुक्ष वाटतं, हेही ध्यानात ठेवा. "हे जमलं नाही" हे तोंडानं म्हटलं तर हसू असतं, ग्रुपवर लिहिलं तर चारचौघांत कानशिलात. कौतुक ग्रुपवर करा, चूक फोनवर सांगा. आमच्यात मालकापासून सगळे एकमेकांना दादा-ताई म्हणतात. सरळ 'अरे' वर यायचं असेल तर आधी एकदा सोबत जेवलेलं असावं, असा माझा आपला नियम.

माणूस घेताना ऑटोमॅटिकची पद्धत मला पटते. नुसत्या मुलाखतीवर नेमत नाहीत, आधी पैसे देऊन एक छोटं खरं काम करून घेतात. आणि नवीन माणूस प्रोग्रामर का असेना, सुरुवातीचे काही दिवस ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं देतो. आमच्या डेव्हलपर दादानं चार दिवस गिऱ्हाइकांचे फोन घेतले, आणि पत्त्याच्या रकान्यात 'अमुक शाळेच्या मागे' लिहायला जागा का लागते, हे त्याला न सांगता कळलं.

भेट मात्र हवीच. तीच कंपनी सगळ्यांना ठरावीक काळानं एका ठिकाणी बोलावत आली. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या जत्रेत व्यापारी मार्गशीर्षात एकत्र येतात, वर्षभर आपापल्या मुलखात असतात, तरी व्यवहार आणि सोयरीक टिकते. आम्ही तीन महिन्यांतून एकदा अहमदपूरला भेटतो, लातूर आणि नांदेड दोन्हीकडून साधारण अर्ध्या वाटेवर. एसटीचं तिकीट आणि जेवण दुकानाच्या खर्चात. हिवाळ्यात कुणाच्या तरी शेतात हुरडा. त्या दिवशी लॅपटॉप उघडायचा नाही.

आणि पेमेंट. समोर बसलेला कामगार गल्ल्याकडं बघून समजून घेतो, लांबच्याला फक्त मोबाइलवरचा मेसेज दिसतो. ठरल्या तारखेला, न मागता पैसे गेले पाहिजेत. मोठं काम असेल तर थोडा ॲडव्हान्स, डिझाइन पास झालं की एक हप्ता, साइट चालू झाली की उरलेले. त्याच वेळी डोमेन, होस्टिंग आणि गिटचं खातं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर करून घ्या. उद्या दादाला पुण्याची नोकरी लागली तर पेढे खाऊन त्याला निरोप देता आला पाहिजे, आणि नव्या माणसाला दुसऱ्या दिवशी कामाला बसता आलं पाहिजे.