एक्स्प्लेनर : अपघातग्रस्त कारची किंमत विमा कंपनीने कमी लावली? सही करण्यापूर्वी हे तपासा

समजा, अपघातात कार पार चेपली. वर्कशॉपने दुरुस्तीचा खर्च ४ लाख ८० हजार रुपये सांगितला. पॉलिसीवर कारची किंमत ६ लाख आहे. विमा कंपनी मात्र ‘आज बाजारात या मॉडेलला एवढा भाव नाही’ म्हणत ५ लाख देऊ करते. कारवर कर्ज असेल, तर भरपाईतून आधी बँकेचे देणे वळते होते. त्यामुळे एक लाखाचा फरक थेट मालकाच्या खिशाला बसतो. अशा वेळी काय करायचे?

आयडीव्ही का महत्त्वाची?

विमा काढताना ठरलेली गाडीची किंमत म्हणजे आयडीव्ही. पॉलिसीच्या अटींनुसार काढलेला दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला, की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. वरील उदाहरणात ही मर्यादा ४ लाख ५० हजार आहे. टोटल लॉसच्या दाव्यात संपूर्ण पॉलिसी कालावधीसाठी आयडीव्ही हाच बाजारभाव मानावा, असे मोटार विम्याची प्रमाणित अट सांगते. म्हणजे त्यातून पुन्हा घसारा कापायचा नसतो. विमा काढताना मान्य केलेली किंमत दाव्याच्या वेळी कंपनीला मनमानीने कमी करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २००८ मध्ये स्पष्ट केले आहे.

भंगाराचा हिशेब

अनेकदा मोडलेली गाडी मालकाकडेच ठेवून तिची किंमत भरपाईतून वजा केली जाते. ही किंमत फुगवली, तर हाती येणारी रक्कम घटते. त्यामुळे खरेदीदाराची बोली लेखी मागा. आकडा पटला नाही, तर गाडी कंपनीने ताब्यात घ्यावी आणि पूर्ण रक्कम द्यावी, असे ई-मेलने कळवा.

गाडी दुरुस्त होणार असेल तर?

साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिकचे भाग, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात. काचेवर घसारा नसतो. धातूच्या भागांवर तो गाडीच्या वयानुसार लागतो. ‘झिरो डेप’ घेतले असेल, तर कपात का केली, हे विचारा.

दाद कुठे मागायची?

१. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. हा अहवाल अंतिम शब्द नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले आहे. वर्कशॉपचे अंदाजपत्रक आणि फोटो जोडून मुद्देनिहाय हरकत नोंदवा.

२. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ‘बिमा भरोसा’ पोर्टलवरही ती नोंदवता येते.

३. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे विनाशुल्क ऐकल्या जातात, वकील लागत नाही. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मुंबई आणि पुण्यात कार्यालये आहेत.

४. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. त्यासाठी मुदत दोन वर्षांची. मात्र आयोगात प्रकरण सुरू असताना लोकपाल तीच तक्रार घेत नाहीत.

ही चूक टाळा

‘फुल अँड फायनल’ लिहिलेल्या व्हाउचरवर घाईने सही करू नका. सही झाल्यानंतर उरलेली रक्कम मागणे अवघड होते. पैशांची तातडीची गरज असेल, तर ‘हरकत राखून रक्कम स्वीकारत आहे’ असे लेखी कळवा आणि त्याची पोच जपून ठेवा.