वॅट लागली!

ऑफिसातल्या कुणाला पीसी असेंबल करायचा असला, की शनिवारी सकाळी ग्रँट रोड स्टेशनवर हजर राहायचं फर्मान मला निघतं. तिथून चालत लॅमिंग्टन रोड. बरं, मी काही हार्डवेअर इंजिनीअर नाही. माझं क्वालिफिकेशन एकच... मी एकदा सॉलिड पोळलोय!

२००६ची गोष्ट. पहिल्या नोकरीचे पगार साठवून पीसी जमवला. सगळे पैसे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर उधळले. खिसा रिकामा झाल्यावर दुकानदार म्हणाला, ‘एसएमपीएस कॅबिनेटबरोबर येतोच की साहेब!’ वर ४५० वॅटचं लेबल. म्हटलं, झकास!

आठ महिन्यांनी एका रात्री गेम रंगात आलेला असताना ‘फट्’ आवाज झाला आणि जळका वास सुटला. एसएमपीएस गेला तो गेलाच, जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कलाही घेऊन गेला. त्या डिस्कवर बाबांच्या शेवटच्या वाढदिवसाचे फोटो होते. बॅकअप? हा शब्द मी नंतर शिकलो.

तेव्हापासून माझी यादी उलटी सुरू होते. आधी सांगा, पीसीवर करणार काय? एक्सेल, सिनेमे आणि नेट एवढंच असेल, तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. फक्त इंटेलच्या मॉडेल नंबरमागे ‘एफ’ दिसला, तर थांबा. त्यात ग्राफिक्स नसतं! गेमिंग करायचं असेल, तर मात्र वेगळं कार्ड हवंच.

मग पत्रिका जुळवायची. एएमडीच्या २०२२मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटच्या बोर्डावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. मित्राकडची जुनी डीडीआर४ त्यात बसतच नाही, खाचच वेगळी. आणि एका मोठ्या स्टिकपेक्षा दोन सारख्या स्टिक घेतलेल्या बऱ्या, डेटाला दोन लेन मिळतात.

आता आमचे हीरो, एसएमपीएस. ग्राफिक्स कार्डाची कंपनी किती वॅटचा सुचवते ते बघा, त्याहून कमी नकोच. ‘८० प्लस’चा बिल्ला वीज किती वाया जाते, एवढंच सांगतो. ओव्हरव्होल्टेज आणि शॉर्ट सर्किटपासून संरक्षण आहे का, ते वेगळं तपासा. आणि हो, वॉरंटीचं बिल पक्कं घ्या!

गेल्या शनिवारी आमचा अकाउंट्सवाला मित्र वरच्या ग्राफिक्स कार्डावर अडून बसला होता. त्याला फट्-पुराण ऐकवलं. बिचारा एक पायरी खाली उतरला आणि उरलेल्या पैशांत चांगला एसएमपीएस घेतला. तरी थोडे पैसे शिल्लक होते. म्हणाला, ‘चल, आता रंगीत लाइटवाले पंखे!’

मी त्याला शेजारच्या दुकानात नेलं आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यायला लावली. त्याची मुलगी दीड वर्षाची आहे. फोटो भरपूर असणार, बॉस!