उल्था स्वस्त, खात्री महाग

उणे सातला दोनानं भागा आणि उत्तर पूर्णांकातच द्या, असं सांगितलं तर पायथन उणे चार देतं. जावा उणे तीन. आपापल्या नियमांनुसार दोन्ही बरोबर आहेत. पायथन खालच्या पूर्णांकाकडे झुकतं, जावा अपूर्णांक नुसता छाटून टाकतं. भागाकाराच्या चिन्हाला भागाकाराचं चिन्ह ठेवून कोणी हा प्रोग्रॅम जावात नेला, तर तो विनातक्रार चालेल आणि अधूनमधून एकानं चुकेल. प्रोग्रॅमचा एका भाषेतून दुसरीत आपोआप उल्था करण्याची खटपट गेली पन्नास वर्षं चालू आहे, आणि तिची खरी अडचण अशा न दिसणाऱ्या फरकांत आहे.

या खटपटीशी मुंबईचा संबंध जुना आहे. भारतीय सॉफ्टवेअर निर्यातीच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनं 1974च्या सुमारास बरोज या अमेरिकी कंपनीसाठी केलं. रुग्णालयाच्या हिशेबाची एक प्रणाली बरोजच्या एका संगणक-मालिकेवरच्या कोबोलमधून दुसऱ्या मालिकेवरच्या कोबोलमध्ये न्यायची होती. दोन्हीकडे कोबोलच, तरी रूपांतर अटळ होतं. यंत्रं बदलत राहतात आणि प्रोग्रॅम त्यांच्यापेक्षा जास्त जगतात. या धंद्याचं मूळ कारण एवढंच.

1978मध्ये इंटेलनं 8086 हा प्रोसेसर आणला. आधीच्या 8080साठी लिहिलेला असेंब्ली कोड यंत्राकरवी बदलून नव्यावर नेता यावा, अशीच त्याची रचना होती. पण जुनी एक आज्ञा पार पाडताना प्रोसेसरमधले काही फ्लॅगही, म्हणजे निकालाची स्थिती नोंदवणारे बिटही, बदलतात. ते तसेच जपायचे तर एका आज्ञेच्या जागी कधी कधी तीन-चार लिहाव्या लागत. डिजिटल रिसर्चच्या गॅरी किल्डॉल यांनी 1981च्या एक्सएलटी-86मध्ये यावर उपाय काढला. तो फ्लॅग पुढे कुठे वाचला जातो का, हे हा अनुवादक आधी तपासायचा आणि वाचला जात नसेल तर जास्तीच्या आज्ञा गाळायचा. टिम पॅटरसन यांनी दुसऱ्या बाजूनं विचार केला. किल्डॉल यांच्याच सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारे प्रोग्रॅम उल्था होऊन आले की त्यांना ओळखीचं वातावरण मिळावं, म्हणून त्यांनी आपल्या 86-डॉसचे कॉल सीपी/एमच्या धर्तीवर ठेवले. पुढे मायक्रोसॉफ्टनं विकत घेतलेली आणि एमएस-डॉस म्हणून जगभर गेलेली प्रणाली ती हीच.

पुढच्या काळात दोन वाटा स्पष्ट झाल्या. पहिल्या वाटेवर मूळ प्रोग्रॅम जुन्याच भाषेत राहतो आणि उल्था गरजेपुरता होतो. डोनाल्ड कनूथ यांचं टेक हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर आजही पास्कलवर बेतलेल्या वेब या त्यांच्याच पद्धतीत लिहिलेलं आहे. बहुतेक संगणकांवर मात्र ते वेब-टू-सी वापरून, सी भाषेतून उभं राहतं. स्ट्रॉस्ट्रप यांचा सी-फ्रंट हा सुरुवातीचा सी++ कंपायलरही सी कोडच बाहेर काढायचा. 1990च्या एफ-टू-सीनं फोरट्रानमधली गणिताची भांडारं सीमध्ये नेली. पायथनच्या नमपायमध्ये लॅपॅक या अशाच एका भांडाराचा जो छोटा पर्यायी भाग असतो, तो याच अवजारातून निघालेला आहे. असा कोड वाचायला भयंकर असतो, पण तो कोणी वाचायचाच नसतो. मूळ बदललं की उल्था पुन्हा काढायचा.

दुसऱ्या वाटेवर परतीची सोय नाही. उल्था हाच नवा मूळ कोड होतो आणि उद्यापासून माणसांनी तोच सांभाळायचा असतो. गो भाषेचा कंपायलर सीमध्ये लिहिलेला होता. रस कॉक्स यांनी खास त्याच्यासाठी अनुवादक तयार केला आणि ऑगस्ट 2015च्या गो 1.5पासून कंपायलर गोमध्ये आला. तो बरोबर चालत होता, पण प्रोग्रॅम बांधायला जवळपास दुप्पट वेळ लागू लागला. उल्थ्यातून आलेला गो कोड गोच्या वळणाचा नव्हता, हे त्याचं एक कारण होतं. सी-टू-रस्टचीही हीच गत आहे. सीचा कोड रस्टमध्ये येतो, पण बराचसा 'अनसेफ' शिक्का घेऊन. म्हणजे ज्या सुरक्षिततेसाठी रस्टकडे वळायचं, तीच मागे राहते. ही दरी भरून काढण्यासाठी अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेनं 2024मध्ये ट्रॅक्टर नावाचा प्रकल्प जाहीर केला.

बँकांचं कोबोल हे या वाटेवरचं सर्वांत अवघड वळण. कोबोलमधून यंत्रानं काढलेल्या जावाला प्रोग्रॅमर 'जोबोल' म्हणतात: व्याकरण जावाचं, घडण कोबोलची. खरा धोका पैशांच्या हिशेबात असतो. कोबोल रकमा दशमान पद्धतीत ठेवतं आणि राउंडिंग करायला सांगितलं नसेल तर जास्तीचे अंक छाटतं. त्याच रकमा जावाच्या डबलमध्ये टाकल्या, की 0.1 आणि 0.2 यांची बेरीजसुद्धा नेमकी 0.3 येत नाही. शिवाय तीस वर्षांपूर्वीची एखादी चूक आज शाखेत रूढ नियम म्हणून पाळली जात असते. ती दुरुस्त करायची की जपायची, हे अनुवादकाला कोण सांगणार?

दोन प्रोग्रॅम प्रत्येक वेळी सारखेच वागतील का, हे ठरवणारी सार्वत्रिक रीत असूच शकत नाही, हे ट्युरिंग यांच्या 1936च्या सिद्धांतातून निघतं. म्हणून व्यवहारात सगळी भिस्त चाचण्यांवर. 2020मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी ट्रान्सकोडर हे मॉडेल मांडलं. सी++, जावा आणि पायथन यांच्या जुळवून ठेवलेल्या जोड्या न देता ते शिकवलं होतं. त्याची पारख करताना उल्था नमुन्याशी शब्दशः किती जुळतो यापेक्षा, तो चालवल्यावर तेच उत्तर येतं का, यावर त्यांनी भर दिला. आजची मोठी भाषा-मॉडेलं त्याहून कितीतरी वाचनीय कोड देतात. इथेच सावध राहायला हवं. नियमांवर चालणारा अनुवादक चुकला तर सगळीकडे सारखाच चुकतो. नियम सुधारला की सगळ्या चुका एकदम जातात. मॉडेलची चूक मात्र सुटी असते, एकाच फंक्शनमध्ये, नीटनेटक्या कोडच्या आड.

मार्च 2025मध्ये अँडर्स हेल्सबर्ग यांनी टाइपस्क्रिप्टचा कंपायलर गोमध्ये नेत असल्याचं जाहीर केलं. व्हीएस कोड या एडिटरचा सुमारे 15 लाख ओळींचा कोड तपासायला 77.8 सेकंद लागत, ते 7.5वर आले. नव्यानं रचना न करता जुनीच घडण जपून, भाग जुळवत हे काम झालं. ते जमलं, कारण योग्य उत्तर काय ते सांगणाऱ्या चाचण्यांचा मोठा साठा वर्षानुवर्षं जमलेला होता.

पुण्या-मुंबईत मायग्रेशनच्या कामांचा अंदाज आजही बहुधा कोडच्या ओळींवर बांधला जातो. ओळी बदलण्याचा खर्च आता झपाट्यानं उतरतो आहे. जुनी आणि नवी प्रणाली काही महिने शेजारी-शेजारी चालवणं, प्रत्येक फरकाचा माग काढणं आणि त्यातली चूक कुठली, नियम कुठला, हे खातं चालवणाऱ्या माणसाला विचारून ठरवणं, हा खर्च मात्र तसाच आहे. करार करताना पहिला प्रश्न याच खर्चाचा असावा. ज्यांच्याकडे जुन्या प्रणालीच्या चाचण्या नाहीत, त्यांनी उल्थ्याआधी त्या लिहायला घ्याव्यात. उल्था पुढे ढकलला गेला, तरी ते काम वाया जाणार नाही.